शून्याची रेघ

विभागात सगळे तिला थरथरबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिला त्याचा राग येत नसे, कारण नावात खोटं काही नव्हतं. द्रवातल्या रेणूंची थरथर सोडून तिने आयुष्यात दुसरा विषय हातात धरलाच नव्हता.

ती आणि तिची मोठी बहीण दोन खोल्यांत राहत. ताई शिवणकाम करायची. एकदा काजं करता करता तिने विचारलं, "तू दिवसभर त्या संगणकापुढे नक्की करतेस तरी काय?"

"द्रवातले रेणू सारखे ढकलाढकली करत असतात ना, त्यांना आम्ही एका क्षणी जिथल्या तिथे थांबवतो. संगणकात. मग हिशेब मांडायचा, की आता सोडलं तर ते कसे हलतील. बऱ्याचशा हालचाली वाटीतल्या गोटीसारख्या. ढकलली तरी हेलकावे खाऊन परत बुडाशी येते. काही मात्र पालथ्या वाटीवरच्या गोटीसारख्या. घसरली की गेली."

"आणि या गेलेल्या गोट्या मोजायच्या?"

"हो. त्या जितक्या जास्त, तितका द्रव सहज वाहणार. सरांचा सिद्धांतच आहे तो."

"एवढ्यासाठी तू लग्नाला नाही म्हणालीस?" ताईने दाताने दोरा तोडला, आणि दोघींना हसू आवरेना.

सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. त्यांनीच तिला या विषयात आणलं, ठेवून घेतलं, दर वेळी नेमणुकीची मुदत संपत आली की वरच्यांशी भांडून ती वाढवून घेतली. आता विभागात एक कायमची जागा निघाली होती आणि ती तिलाच मिळणार हे शिपायालाही ठाऊक होतं. फक्त शेवटचा मोठा लेख पुरा व्हायचा होता.

त्या लेखातल्या आलेखात तिला तळाशी एक शून्याची रेघ हवी होती. ती नुसती दिसायला. घन स्फटिकात रेणू आपापली जागा सोडत नाहीत, काही वाहत नाही, म्हणजे तिथे घसरणाऱ्या गोट्या शून्यच असणार. रिकाम्या दुपारी तिने तेवढा हिशेब यंत्राला लावला आणि चहा घ्यायला गेली.

परत येऊन बघते तर शून्य नव्हतं. शून्याच्या जवळपासही नव्हतं.

आपलंच काहीतरी चुकलं असं धरून ती आठवडाभर चूक शोधत राहिली. चूक सापडली असती तर तिने पेढे वाटले असते. पण हिशेब बरोबर होता. काहीही न वाहणाऱ्या घनातसुद्धा रेणू नुसते जोरात हलले की तसल्याच गोट्या दिसत होत्या. ही खोटी मोजणी तिने द्रवाच्या आकड्यातून वजा करून पाहिली. उरलं ते इतकं थोडं, की त्यावरून द्रव किती सहज वाहेल याबद्दल काही म्हणजे काही सांगता येईना.

ती कागद घेऊन सरांच्या खोलीत गेली.

"सर, स्फटिकात शून्य येत नाहीये."

सरांनी कागद हातात घेतले नाहीत. "कशाला केलंस ते?"

"आलेख नीट दिसावा म्हणून."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मलाही आलं नव्हतं. तू यायच्या आधी."

तिला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मग?"

"मग काय. हाताखाली विद्यार्थी होते, विभाग नुकताच उभा राहत होता. वाटलं, पुढे कुणीतरी यातून वाट काढेल. तू आलीस तेव्हा वाटलं, तूच काढशील."

"पण मला सांगितलं नाहीत तुम्ही."

"सांगितलं असतं तर तू इथे थांबली असतीस?"

तिला ओरडावंसं वाटलं, कागद त्यांच्या टेबलावर आपटावेसे वाटले. तोंडातून आलं ते एवढंच, "येते, सर."

लेख तिने लिहिला, पण दुसराच. स्फटिकाचा. सरांनी निरोप पाठवला की त्यावर माझं नाव नको. लेख छापून आला. तिची तयारी होती की लोक तुटून पडतील, निदान भांडतील. कुणी भांडलं नाही. कुणी काहीच म्हणालं नाही. कायमची जागा दुसऱ्या विषयाला गेली आणि या वेळी मुदत वाढवायला वरच्यांकडे कुणी गेलं नाही.

आता ती रंगांच्या कारखान्यात तपासनीस आहे. बुडाला भोक असलेल्या पेल्यात रंग ओतायचा, तो किती वेळात गळून जातो ते घड्याळ लावून बघायचं. काम चोख करते. सोबतच्या बायकांत बसून डबा खाते. आधी काय करत होतीस, असं कुणी विचारलं तर "शिकवत होते" म्हणते.

परवा ताई म्हणाली, "तुझी ती पुस्तकं कपाटातून काढली तर मला कापड ठेवायला जागा होईल." बोलून झाल्यावर तीच चपापली. पूर्वी त्यांतल्या एकावर कात्री ठेवली तरी घरात रणकंदन व्हायचं.

"काढ की," धाकटी म्हणाली. "रद्दीवाल्याला देऊन टाक."

"अगं, भांड तरी माझ्याशी!"

ती भांडली नाही. चपला घातल्या आणि कामावर गेली.