आप्पांचा बँड

आमच्या बर्फाच्या कारखान्याचे मॅनेजर आप्पा कुठल्याच गोष्टीला पटकन हो म्हणत नसत. सगळं ऐकून घ्यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "माका कळाक नाय. परत सांग." चहा घेणार का, असं विचारलं तरी तेच. मालवण बंदराजवळच्या त्या कारखान्यात मी क्लार्क होते, आणि आप्पांना परत परत सांगताना माझ्या तोंडाला फेस यायचा.

अशा माणसावर कारखाना चालवणाऱ्या मच्छीमार सोसायटीने वॉकी-टॉकी निवडायचं काम टाकलं. दोन हजार तीनच्या आसपासची गोष्ट. मोबाईलची रेंज जेटीवरच धड नव्हती, मग समुद्रात कुठून असणार? कोल्हापूरहून विक्रेता आला. त्याने पहिलंच विचारलं, "साहेब, बँड कुठला घ्यायचा?"

आप्पा विचारात पडले. "लग्नाक बांद्याचो बँड बरो. पण बर्फाच्या कारखान्यात बँड कित्याक?"

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मग त्याने समजावलं. व्हीएचएफ नावाचा बँड उघड्यावर, पाण्यावरून लांब जातो. यूएचएफ लांब जात नाही, पण भिंतींच्या आतपर्यंत पोचतो. एका बँडचा सेट दुसऱ्याशी बोलत नाही. आप्पांनी हे तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा तर विक्रेत्याचाच गोंधळ उडाला आणि त्याने उलटं सांगितलं. शेवटी आप्पा म्हणाले, "म्हणजे एकाचो आवाज सड्यार चलता, दुसऱ्याचो माजघरात." सडा म्हणजे आमच्याकडचं उघडं माळरान. मला तेवढंच कळलं, आणि खरं सांगते, आजही तेवढंच कळतं.

दोन्ही सेट काही दिवस वापरून बघायला ठेवले. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, अशी शिकवण होती. आप्पांनी जेटीवरून बाबीला सांगितलं, "विलासच्या बोटीचो बर्फ भायर काढून ठेव, ओव्हर." बाबी म्हणजे आमचा बर्फ काढणारा गडी. त्याने ऐकलं, "ओ, व्हर." आता मालवणीत व्हर म्हणजे घेऊन जा. बाबीने समोर उभ्या असलेल्या टेम्पोत सगळा बर्फ भरला आणि निघाला. आप्पा तापले, तर हा शांतपणे म्हणतो, "तुमीच सांगलात व्हर, म्हणान व्हरलंय." यात चूक कोणाची, हे आम्हाला ठरवता आलं नाही.

विलास हा आप्पांचा एकुलता एक मुलगा, ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. आदल्या वर्षी वादळात त्याची बोट परतायला उशीर झाला, तेव्हा आप्पा जेटीवर अन्नपाण्याशिवाय बसून होते. आता संध्याकाळी व्हीएचएफच्या सेटवर समुद्रावरून त्याचा आवाज यायचा, "आप्पा, जेवलस?" ते ऐकलं की हा माणूस दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणावर ओरडायचा नाही. मला वाटलं, झालं, बँड ठरला.

आणि त्याच आठवड्यात कारखान्यात बर्फ गोठवायचा अमोनिया वायू गळला. बाबी आत बर्फाच्या खोलीत होता. त्या दिवशी दोघांकडेही समुद्रावरचाच सेट होता, आणि आप्पा त्यात ओरडत होते, "बाबी, भायर ये." जाड भिंतींआड बाबीला नुसती खरखर ऐकू येत होती. शेवटी फिटर तोंडाला ओला टॉवेल बांधून आत गेला आणि त्याला ओढून घेऊन आला. बाबीचे डोळे लालबुंद झाले होते. आप्पा त्याच्या डोळ्यांवर पाणी मारत होते.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये कळलं, पैसे एकाच बँडपुरते होते. सगळ्यांना समुद्रावरचा हवा होता. चेअरमननी आप्पांचं मत विचारलं. एरवी तिथे शुद्ध मराठी बोलणारे आप्पा मालवणीत म्हणाले, "भिंतीच्या आत ऐकाक येता तो घेवया."

"अहो आप्पा, तुमचा मुलगा समुद्रावर असतो."

"आसा. तो आपल्या मर्जीन जाता. बाबीक आत मी धाडतंय."

मला आप्पांचा राग आला आणि रडूही आलं. असा कसा बाप, असं वाटलं, आणि बाबीच्या बायकोचं तोंडही डोळ्यांपुढे आलं. धड एका बाजूला मन राहीना.

सेट परत न्यायला विक्रेता आला, तेव्हा आप्पांनी त्याला थांबवून ठेवलं. सेटवरून विलासला म्हणाले, "उद्यापासून ह्यां यंत्र नाय. वारो बगून ये." सेट माझ्या हातात देऊन ते आत गेले. बापानेच भिंतीआतला बँड निवडला हे कळल्यावर विलासने त्यांच्याशी बोलणं टाकलं. एका घरात राहायचे, एका पंगतीला जेवायचे, पण शब्द नाही. आप्पांनी समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. मलाच राहवेना. मी विचारलं, तर म्हणाले, "तेचा बरोबर आसा गो बाय." मग बाबीचं काय, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

तीन-चार वर्षांनी आप्पा झोपेतच गेले. अंगणात गर्दी होती. बाबी लांब, कुंपणाला धरून उभा होता, जवळ यायला धजत नव्हता. तिरडी उचलायची वेळ झाली. विलासने मान वळवून सगळीकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबी खंय आसा? तेका फुडे बोलवा. माझ्या बाजूक."