बारकं पेन

मुलगी परवा नोकरीला पुण्याला निघालीय. तिनं मागवलेली शाईची दोन पेनं आज आली, एक जाडं, एक बारकं. "आई, कुठलं नेऊ?" म्हणत तिनं शाईची बाटली उघडली, आणि त्या वासासरशी मी कोल्हारच्या बाजारात, आण्णांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

तेव्हा मी राहुरीला हॉस्टेलवर निघाले होते. दुकानदारानं अशीच दोन पेनं पुढं केली. जाड्याची अख्खी नळी ड्रॉपरनं भरायची, बारक्याच्या पोटात रबराची इवलीशी पिशवी. मला बारकं हवं होतं. पण आयुष्यभर पाठीवर फवारणीचा पंप वाहिलेले माझे वडील आधी टाकीच बघणार! "ह्येच घे. लई शाई मावती. एकदा भरलं का म्हयनाभर बघायला नको."

बोलता बोलता ते थांबले. पेन हातात फिरवत राहिले, मग हळूच खाली ठेवलं.

"ऱ्हाऊ दे. बारकंच घे. आन् दौत घरीच असू दे, पेटीत सांडंल. शाई सपली का येत जा."

दर शनिवारी मी यायचे. आण्णा ओट्यावर बसून स्वतः पेन भरायचे, आणि नेहमी अर्धंच. मी किती कुरकुरायचे!

"आई, सांग ना."

"बारकं ने," मी म्हटलं, आणि बाटलीचं झाकण घट्ट लावून ती माझ्या कपाटात ठेवली.