पहिल्या ओळीतलं श्री

मागच्या शनिवारी पार्सल आलं. लिनक्सच्या तीन सीडी नव्वद रुपये, टपालखर्च पंचवीस... आणि पाठवणाऱ्या आपल्या ई-मेल ग्रुपवरच्या भावानं एक जादा सीडी फुकट घातलेली. एकही फुटली नाही, त्यांचे आभार.

मी परळीची. दहावीपर्यंत शिकलेली, घरचा आणि आमच्या पापड गटाचा हिशेब सांभाळणारी. मुलगा नोकरीला बाहेर गेला, कॉम्प्युटर इथंच राहिला, आणि त्याच्यावर शेजारची सुजाता आमच्या गटाची वेबसाईट करत होती. इथल्या थर्मल वीजकेंद्राची राख त्याच्यावरून पुसायची, एवढंच माझं त्यातलं काम.

सुजाताला सोमवारी पुण्यात एका कंपनीत वेबसाईटच्या कामासाठी मुलाखत होती. स्वतः केलेली, चालणारी एक तरी साईट घेऊन या, असं त्यांनी कळवलेलं. आणि या खेपेला जमलं नाही तर कॉम्प्युटर बंद, डी.एड.चा फॉर्म भरायचा, असं तिच्या वडलांनी स्पष्ट सांगितलेलं.

जुन्या विंडोजमध्ये व्हायरस शिरला होता, म्हणून तिनं शनिवारीच त्याच्या जागी लिनक्स टाकलं. पापडांचे फोटो दिसले, भाव दिसले... पण लॉगिन केलं की नुसती इंग्रजी एरर. पुण्यातल्या त्या कंपनीतही लिनक्सच, म्हणजे इथं चाललं नाही तर तिथंही चालणार नव्हतं.

रविवारी सकाळपासून ती बसलेली. लाईट गेली की ओट्यावर येऊन बसायची, आली की परत आत. एकाच फाईलच्या वरच्या टोकापाशी जायची, माझ्याकडं बघायची, आणि पुन्हा दुसरंच काहीतरी उघडायची.

शेवटी मीच विचारलं, "सुजा, कामून गप हाईस? सापडलंय ना तुला?"

"सापडलंय काकू. कालच... तुमचं श्री आडवं येतंय."

आमच्या घरात वर श्री लिहिल्याशिवाय कोणताही कागद सुरू होत नाही... वाण्याची यादीसुद्धा. साईटच्या प्रत्येक फाईलच्या डोक्यावर श्री घाल, असं मीच तिला सांगितलं होतं. तिच्या घरी बुद्धवंदना होते, तरी माझ्या शब्दाखातर तिनं ते इंग्रजी अक्षरांत घातलं. पानावर ते दिसायचं, मला बरं वाटायचं.

भानगड अशी होती. साईटची भाषा पीएचपी, तिची सुरुवातीची खूण यायच्या आधी फाईलमध्ये एक अक्षर आलं, नुसती रिकामी ओळ जरी आली, तरी मशीन तेच आधी ब्राउजरला पाठवून मोकळं होतं. मग मागून लॉगिनची कुकी, म्हणजे आत कोण आलं याची ओळखचिठ्ठी, जात नाही. जुन्या सेटिंगमध्ये सगळं साठवून एकदम पाठवलं जायचं, म्हणून इतके दिवस झाकलं गेलं.

आमचे हे पेपरमागून म्हणाले, आता देवालाच डिलीट करा. मला हसू आलं नाही. सोमवारचा उपास धरणाऱ्या बाईला 'श्री काढा' म्हणायचं कसं, म्हणून पोर कालपासून दुसरी वाट शोधत होती...

"काढ," मी म्हणाले. "तुझं पुणं हुकलं तर मी कुठल्या तोंडानं वैजनाथासमोर उभी राहू?"

तिनं काढलं नाही. खुणेच्या आत घेतलं आणि अलीकडं दोन तिरप्या रेघा मारल्या. "याच्यापुढचं मशीन वाचत न्हाई काकू. पुढं जो माणूस फाईल उघडंल, तेवढाच वाचंल."

तरी एरर गेली नाही. दुसऱ्या एका फाईलच्या शेवटी, बंद करायच्या खुणेनंतर, दोन रिकाम्या ओळी राहिल्या होत्या. "ह्या मात्र तुझ्या," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो... लॉगिन झालं.

तुम्ही जाणते लोक, तरी सुजातानं लिहायला सांगितलंय. या एररमध्ये दोन ओळींचे नंबर असतात आणि आपण शेवटचाच बघत बसतो. कुठून सुरू झालं ते सांगणारा कंसातला नंबर आधी बघा. आणि हात लावण्याआधी फाईलची कॉपी ठेवा.

माझ्यापुरतं सांगायचं तर, माझं मन राखायला एका पोरीनं आपली नोकरी पणाला लावली होती, आणि मी शेजारी बसून तिला चहा विचारत होते... अशी पोर शेजारी लाभली, ही देवाचीच कृपा.

काल कोपऱ्यावरच्या दुकानात तिच्यासाठी पुण्याहून फोन आला. एक तारखेपासून कामावर बोलावलंय. तिचे वडील स्वतः पेढे घेऊन आले आणि कॉम्प्युटरसमोर उभे राहून साईट बघून गेले.

आता राहायची सोय हवी. पुण्यात कुणाच्या घरी मुलीसाठी एक खोली असेल तर भाडं, पाण्याची वेळ लिहून उलट टपाली कळवा. माझं ई-मेल आठवड्याला एकदाच उघडतं, पत्ता ग्रुपवर आहेच. आणि आडनाव विचारूनच खोली देणार असाल... तर टपालाच्या तिकिटाचे पैसे वाचवा.