मरळीची लाल पिल्लं

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला प्रकल्प मिळाला. शाळेतल्या मुलांना कळेल असा पाच मिनिटांचा जीवशास्त्राचा व्हिडिओ करायचा, प्राणी आपल्याच भागातला घ्यायचा आणि बोलायचं मराठीत. दोघीदोघींच्या जोड्या होत्या. माझी मैत्रीण चंद्रपूरची, एडिटिंगमध्ये हुशार. चित्रीकरण माझ्याकडे आलं, कारण तलाव माझ्या गावात होता. मी लगेच मरळ मासा सुचवला. मरळीची पिल्लं पावसाळ्यात लाल थव्यानं पाण्यावर येतात आणि मोठा मासा खालून त्यांची राखण करतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. कुठून माहीत, ते मात्र मी तिला सांगितलं नाही.

आमचं घर मासेमारीवर चालतं. धानाचा एक तुकडा आहे, त्याच्या जोरावर कॉलेजच्या पहिल्याच दिवशी "वडील शेती करतात" असं सांगून मी मोकळी झाले होते. मला बाबांच्या कामाची लाज वाटायची, आणि कामापेक्षाही त्यांच्या बोलण्याची. वर्गात हसतील, एवढीच भीती. तोपर्यंत कोणी हसलं होतं का? नाही.

कुरखेड्याजवळच्या आमच्या तलावात बाबांनी मला एका रविवारी सकाळी डोंग्यात बसवून नेलं. वल्ह्याचा आवाज होऊ न देता त्यांनी डोंगा कमळांच्या कडेला लावला. थोड्या वेळानं पाण्यावर हातभर लाल डाग उमटला. शेकडो पिल्लं हवा घ्यायला वर आली होती. मी मोबाइल धरला, तसे बाबा बोलू लागले, "हे पाय, याच्या खाली..."

"बाबा, बोलू नका ना! आवाज येते त्याच्यात."

त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं आणि डोंगा हलू नये म्हणून वल्हं रोवून धरलं.

माहितीसाठी मी दोन दिवस इंटरनेट उपसलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! मग ठसक्यात निवेदन केलं, 'मरळीची मादी आईच्या मायेने पिल्लांचे रक्षण करते.' आईची माया कोणत्याही पानावर नव्हती, ती माझ्याच मनाची भर होती. पुढच्या सुट्टीत घरी ते ऐकवलं. आईला आवडलं. बाबा जाळं विणता विणता म्हणाले, "ते माय नोहोय वो, बाप होय. माय रायते जराशी दूर. पिलाईच्या खाली बापच रायते."

"मग त्या दिवशी काऊन नाई सांगितलं?"

"सांगूनच राह्यलो होतो. तुनंच चूप केलं."

मी प्रकल्पाच्या सरांना फोन करून विचारलं. पुस्तकात पाहून ते म्हणाले, राखण दोघंही करतात, पण घरट्यापाशी बहुधा नरच असतो. तेव्हा मी बाबांपुढे मोबाइल धरला आणि आता बोला म्हटलं. ते आधी लाजले, मग जाळं बाजूला ठेवून बोलले, "लाल पिलं वर आली का समजाचं, खाली बाप हाये. त्याले गळ लावाल त पिलाईले कोन पायल? दुसरे मासे एका दिवसात साफ करतेत. म्हून आमी तिथी गळ टाकत नाई. पाप लागते म्हनतेत. पन खरं सांगू का, पुढच्या सालच्या पोटाचा सवाल हाये."

माझं सगळं निवेदन त्या एका मिनिटापुढे फिकं पडलं. मी आईच्या मायेचं वाक्य काढून टाकलं आणि तो आवाज मैत्रिणीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. "कसले भारी बोलतात ते! कोण आहेत?"

"आहेत गावातले एक," मी म्हटलं.

"मग शेवटी आवाजाला काय लिहू?"

"स्थानिक मच्छीमार लिही."

तयार व्हिडिओ शनिवारी मोबाइलवर आला. आईबाबांना अंगणात खाटेवर बसवून दाखवला. स्वतःचा आवाज ऐकून बाबा खुदकन हसले. शाळा चौथीपर्यंतच झालेली, त्यामुळे शेवटची ओळ त्यांनी अक्षर अक्षर लावून मोठ्यानं वाचली, "आवाज, स्थानिक मच्छीमार." मी मान खाली घातली. ते आईला म्हणाले, "बरं केलं पोरीनं. बाप म्हून टाकलं असतं त कालेजात हासले असते तिले."

रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. ते मनापासून बोलले होते. मी परसात जाऊन रडले, मग मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, सरांकडे सकाळीच पाठवून दिला, आता बदलता येणार नाही.

सोमवारी सरांनी व्हिडिओ पडद्यावर लावला. बाबांचा आवाज वर्गभर घुमला. 'पुढच्या सालच्या पोटाचा सवाल' आला तेव्हा मी वळून वर्गातल्या चेहऱ्यांकडे पाहिलं. दिवे लागल्यावर सरांनी विचारलं, "हे मच्छीमार कोण? यांना एकदा कॉलेजात आणता येईल का?" मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं.

मी उभी राहिले. "माझे बाबा आहेत, सर. विचारते त्यांना."

कोणीही हसलं नाही. इतके दिवस त्यांना हसणारी मी एकटीच होते.