डावखुऱ्या पुंजाचा चित्रकार

"अज्ञात? कोण अज्ञात?"

अनवरीबीचा आवाज सभागृहात असा खणखणला, की पुढच्या रांगेतल्या साहेबलोकांच्या माना गर्रकन वळल्या. शेजारी तिचा नवरा कमरोद्दीन अंग चोरून बसला होता. "अगं, बस ना खाली," तो पुटपुटला. बसते कसली! गेल्या तासाभरात तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

झालं होतं असं. पुण्याच्या एका संग्राहकाला लासूर स्टेशनच्या रद्दीत चित्रकथांची बारा जुनी पुस्तकं सापडली, 'डावखुरा पुंजा' नावाची. साठ सालच्या आसपासची, कुणाच्या ध्यानीमनीही न उरलेली. त्यानं त्यांची पानं मोठी करून शहरात प्रदर्शन मांडलं आणि प्रत्येक पानाखाली पाटी लावली, 'चित्रकार अज्ञात'. वर हे लांबलचक भाषण. म्हणे, नायकाच्या डाव्या हातातली तलवार म्हणजे दबलेल्या माणसाचं बंड!

बंड कसलं डोंबलाचं! ती चूक होती, आणि चूक करणारा तिच्या शेजारीच बसला होता.

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन झाली तेव्हा कमरोद्दीन अठरा वर्षांचा होता. ह्याच शहरात, शहागंजच्या शिळाछापखान्यात दगडावर उर्दू लिहायचा. राज्य बदललं, उर्दूचं काम आटलं, तसा पठ्ठ्या मराठीची बाळबोध लिपी शिकला. दगडावर सगळं उलटं काढावं लागतं, तेव्हा कुठं कागदावर सुलटं उमटतं. कागदावर उर्दू उजवीकडून लिहायची सवय असलेल्या त्याच्या हाताला उलटी बाळबोध झटकन वळली. मग मालक बद्रीनाथशेठ म्हणाले, पोरांसाठी चित्रांची गोष्ट काढ. त्यानं अक्षरं बिनचूक उलटी काढली, पण तलवार मात्र पुंजाच्या उजव्या हातात दिली, जशी कागदावर देतात तशी. छापून बघतात तर पुंजा डावखुरा! शेठनं त्याला मारायचंच काय ते बाकी ठेवलं. पण जत्रेत पोरांनी पुस्तकावर उड्या टाकल्या, तसा शेठचा हुकूम सुटला, आता पुंजा डावखुराच राहू दे. बारा पुस्तकं निघाली. शेठचं नाव प्रत्येकावर ठळक, कमरोद्दीनचं कुठंच नाही. कारागिराचं नाव कशाला, म्हणे! पुढं छापखाना मोडला. घरी आणलेल्या शेवटच्या दगडावर अनवरीबीनं तीस वर्षं धुणं आपटलं. त्यावरचं चित्र केव्हाच धुऊन गेलं होतं. हे सगळं अनवरीबीनं भर सभागृहात सांगून टाकलं.

"मावशी, पुरावा आहे का काही?" संग्राहकानं हसून विचारलं.

हसून! अनवरीबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पुरावा? अजी, उठा. दाखवा ह्यांना!"

"जाऊ दे गं. एवढ्या वर्षांनी कशाला?"

"एवढी वर्षं जाऊच दिलं तुमी! आज उठला नाय तर घरी एकटेच जा."

कमरोद्दीन उठला. भाषणासाठी मांडलेल्या फळ्याशी जाऊन त्यानं खडू उचलला. तो फळ्याला टेकवला. बघता बघता उजव्या हातात तलवार घेतलेला पुंजा उभा राहिला, आणि त्याच्या डोक्यावर, उजवीकडून डावीकडं, कुठंही न अडता एक उलटी ओळ. फळ्याभोवती जमलेल्या घोळक्यातल्या एका बाईनं पर्समधला आरसा काढून फळ्यासमोर धरला. आरशात भिंतीवरचंच पान होतं. पुंजा डावखुरा, आणि ओळ सुलटी, "खबरदार कोतवाला, पुढं पाऊल टाकशील तर!"

संग्राहकाचं हसू पार मावळलं. त्यानं पहिल्या पाटीवरचं 'अज्ञात' स्वतःच्या हातानं खोडलं आणि पेन पुढं केलं. "चाचा, तुम्हीच लिहा."

म्हाताऱ्यानं वाकून सावकाश नाव लिहिलं. मग पाटीकडं बघून त्याचा चेहरा पडला. हात सवयीनं चालला होता. नाव उलटं उमटलं होतं.

"चुकलं, साहेब. दुसरी पाटी द्या," तो खाली मान घालून म्हणाला.

संग्राहक दुसरी पाटी घ्यायला वळला, तोच अनवरीबी मधे उभी राहिली.

"काय नको. चाळीस वर्षं ह्यांचं नाव नव्हतं, तवा कुणाचं अडलं नाय. आता ज्याला वाचायचंय, त्यानं आरसा घेऊन यावं."