रविवारचा बँडवाला

वडील मंगळवारी गेले. पाचव्या दिवशी, पाण्याच्या टँकरच्या रांगेतून वाट काढत, एक अनोळखी बँडवाला घरी आला. लग्नाच्या बँडमधले वादक जमवून तो चिकलठाण्यातल्या एका शेडमध्ये पूर्वीचं, नाचासाठीचं जॅझ बसवत होता. बोलतानाही त्याची बोटं गुडघ्यावर ताल धरत.

"काका दर रविवारी यायचे, ताई. त्यांच्यासाठी दारात एक धून वाजवू का?"

रविवारी वडील वाचनालयात जातात, असं आम्ही समजत होतो.

"सुतकात बाजा?" आत्या म्हणाली. "आन् दादा तर सोताच्या लग्नातबी नाचला नाय!"

"आमच्याकडं नाचायला लागले की ते बसतच नव्हते," बँडवाला आत्याला म्हणाला.

मी नको म्हणाले. मान लववून तो गेला.

आता रविवारी मी त्या शेडमध्ये जाऊन ऐकते. नाचणारे वडील मला अजून दिसत नाहीत.