इवाओच्या हातचा रस्सा

सुमिए सकाळी जिना उतरून खाली आली तर रस्सा ढवळायचं वल्हं ओलं होतं.

ओलं म्हणजे चांगलंच ओलं, टोकावरून थेंब टपकत होते आणि लाकडातून वाफ निघत होती. रात्री झोपायच्या आधी तिने स्वतः ते धुऊन, पुसून भट्टीच्या उजव्या अंगाला उभं केलं होतं. आता ते डावीकडे टेकलेलं. या स्वयंपाकघरात डावखुरा माणूस एकच होता, तिचा नवरा इवाओ, आणि तो तर वसंतात गेला. याच भट्टीसमोर. "हात भरून आलाय गं," एवढंच म्हणाला, स्टुलावर टेकला, आणि संपलं.

"मीच विसरले असेन," सुमिए मोठ्याने म्हणाली आणि वल्हं पुन्हा उजवीकडे ठेवलं.

नदीपलीकडून लग्न होऊन ती कुरुमे गावात या रामेनच्या, रश्शातल्या नूडल्सच्या, दुकानात आली तेव्हा सासरे होते. भट्टीवरचं ते भलंमोठं लोखंडी भांडं त्यांनीच चढवलेलं, आणि चढवल्यापासून ते कधी रिकामं झालेलंच नाही. रोज वरचा रस्सा विकायचा, तळाशी उरेल त्यात नवी डुकराची हाडं नि पाणी घालायचं, वल्ह्याने हाडं फोडत ढवळत राहायचं. रात्री आच कमी करायची, पण विझवायची नाही. म्हणजे आजच्या वाडग्यात कालचा रस्सा, कालच्यात परवाचा, असं थेट सासऱ्यांपर्यंत. सुमिएकडे वाडगे, गिऱ्हाइकं आणि त्यांच्या गप्पा. नूडल्स उकळायच्या इवाओने, आणि भांडंही त्याचं. तिला हात लावू द्यायचा नाही. "तू ढवळलंस की ते रुसतं," म्हणायचा.

आणि खरंच रुसलं! तो गेल्यावर तिने वल्हं हातात घेतलं, जीव तोडून ढवळलं, खांद्याची पार वाट लागली, पण वाडगे परत यायचे ते तळाशी रस्सा ठेवून. कुणी तोंडाने काही बोललं नाही. माणसं चांगली, पण चांगली माणसं गप्प राहिली की जास्त लागतं. ती एकटी ते उरलेले वाडगे मोरीत ओतायची आणि रडायची.

मग ऑगस्टात ओबोन आला, पितर घरी येतात ते दिवस. इवाओचं पहिलंच वर्ष म्हणून दाराला पांढरा कंदील लावला, शेवटच्या संध्याकाळी उंबऱ्यापाशी निरोपाचा जाळ केला, हात जोडले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि सगळे वाडगे चाटूनपुसून परत आले.

"वहिनी, जमलं गं तुला!" मात्सुफुजी ओरडला. हा गावातला म्हातारा न्हावी, आता दुकान मुलाकडे, जेवण मात्र रोज इथेच. "डोळे मिटले तर इवाओच उभा वाटतो."

"डोळे उघडेच ठेवा. मागच्या वेळी मिटले तेव्हा घोरायला लागलात," ती म्हणाली. हसलीसुद्धा. पण त्या दिवशी तिने भांड्याला हातच लावला नव्हता. खाली आली तेव्हा वल्हं ओलं होतं आणि हाडं फुटलेली होती. आणि फेस भांड्याच्या उजव्या कडेला साचलेला, डाव्या हाताने ढवळलं की साचतो तसा.

रोज तसंच व्हायला लागलं. दुकान ओसंडायला लागलं. ती कुणाला काही बोलली नाही. काय बोलणार?

एकदा ती बाहेर दारापुढे पाणी शिंपडत होती. आत एकटा मात्सुफुजी. तिने त्याचा आवाज ऐकला, "कडक!"

ती बादली घेऊनच आत आली. "कुणाशी बोलताय?"

"तू विचारलंस ना, नूडल्स कडक की मऊ…" त्याने तिच्या हातातल्या बादलीकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या पडद्याकडे. त्याचा चेहरा उतरला. "इवाओने विचारलं, वहिनी. चाळीस वर्षं तो विचारतो, मी सांगतो. निघून गेलं तोंडातून."

आत उकळत्या पाण्यात नूडल्सची जाळी सोडलेली होती.

मग सुमिएने जाळी उचलली, वाडगा भरला, त्याच्यापुढे ठेवला.

"खाऊ?"

"खा. कडक सांगितलंत ना, मऊ व्हायच्या आत खा."

त्याने खाल्लं. रडत खाल्लं, आणि शेवटचा थेंबही ठेवला नाही.

मग मात्र तिने नणंदेला फोन केला. तोकिको दुसऱ्या दिवशी भर दुपारी द्राक्षांची पेटी घेऊन आली. दुकान गच्च भरलेलं.

"काय गं, उकडलेल्या मुळ्यासारखी दिसतेस! गिऱ्हाईक एवढं आणि तोंड असं?"

"वन्सं, हे गेलेच नाहीत," सुमिए तिच्या कानाशी म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

तोकिकोने द्राक्ष तोंडात टाकलं नाही, हातातच धरून ठेवलं. "निरोपाच्या संध्याकाळी भट्टी मंद करून झाकण लावलं होतंस ना?"

"नाही. दुसऱ्या दिवशी उघडायचं म्हणून उलट मोठीच ठेवली. का?"

"अगं बाई! बाबा करायचे, मग इवाओ करायचा. रस्त्यापर्यंत घरचा वास येत असेल तर जाणारा पाय उचलेल का?"

"मला वाटायचं, हे गॅस वाचवतात!"

"चिक्कू होताच तो. पण हे त्यासाठी नव्हतं."

आणि आतून आवाज आला. ठक, ठक. वल्हं भांड्याच्या काठावर झटकल्याचा. काउंटरवरची सगळी तोंडं खाता खाता थांबली.

"पुढच्या ओबोनला नीट कर," तोकिको कुजबुजली. "तोवर चालू दे. बघ, दुकान कसं उभं राहिलंय. वर्षाचाच प्रश्न आहे. मेलेल्याला काय दिवस नि काय वर्ष."

सुमिए हो म्हणणारच होती. खरंच, ओठांवर होतं तिच्या. पण ठक ठक नंतर आतून अजून एक आवाज आला. हुश्श. लांब, दमलेला. शेवटच्या दोन वर्षांत खांदा कामातून गेल्यावर इवाओ असंच करायचा, वल्हं टेकवून खांदा दाबत.

म्हणजे अजून दुखतंय. मेला तरी दुखतंय, आणि हा माणूस अजून ढवळतोय.

ती आत धावली. वल्हं भांड्यात उभं होतं, कुणी न धरता, आणि सावकाश फिरत होतं. तिने गॅसच्या चावीला हात घातला.

"वहिनी, वेडी झालीस काय!" मात्सुफुजी काउंटरवरून अर्धा आत वाकला. "विझवलंस तर या उकाड्यात रात्रीपर्यंत नासेल! सगळं जाईल! तुझ्या सासऱ्यांपासूनचं!"

"जाऊ दे!"

"परत नाही गं येणार ही चव!"

"नको येऊ दे! ते दमलेत!" ती किंचाळलीच, आणि चावी फिरवली.

फस्स करून जाळ गेला. त्या घरात भट्टी विझल्यावर एवढी शांतता असते हे कुणालाच माहीत नव्हतं. तोकिको दारात हात जोडून उभी होती.

वल्हं अजून फिरत होतं. हळू, अजून हळू. वाफ बसली. रस्सा निवत गेला तशी कडेने चरबीची साय धरायला लागली, आणि आत आत सरकत गेली. मधे वल्ह्याभोवती तेवढी जागा उघडी, काळसर, तिथे धरेचना.

"अहो," सुमिए म्हणाली, "मी बघते पुढचं. बिघडलं तरी बघते."

वल्हं फिरतच राहिलं.

"उद्या नवी हाडं आणते. वाईट होईल. लोक शिव्या देतील. देऊ देत. तुम्ही जा."

वल्हं थांबलं. मग एकदम जड होऊन काठावर कलंडलं, नुसतं लाकूड कलंडावं तसं. ती तशीच वाकून बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांदेखत मधल्या तेवढ्या जागेवरही साय धरली.